कण्यांतलं मीठ

"मीठ देताय का त्याला?" सीवूड्सच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मान वर न करताच विचारलं.

त्या माझ्या मुलीच्या, ओवीच्या, पिल्लाचं बूड कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसत होत्या. कोंबडीचं पिल्लू, बारा दिवसांचं. उलव्याच्या जुन्या गावात राहणाऱ्या मैत्रिणीने ओवीला वाढदिवसाची भेट म्हणून दिलेलं. शी वाळून पिसांना चिकटली होती, तेवढ्यासाठी आम्ही आलो होतो. डॉक्टरीणबाईंची प्रश्नांची फैर चालू होती. पाणी दिवसातून किती वेळा बदलता? खोक्यात बल्ब लावलाय का? पिल्लू बल्बपासून लांब पळतं की त्याच्याखाली आखडून बसतं? खाद्य दुकानातलं की घरचं? त्याला हाताळल्यावर मुलगी हात धुते का? मी शाळेत उभी राहिल्यासारखी एकेक उत्तर देत होते. त्यातच हा मिठाचा प्रश्न आला.

"मीठ? नाही. का?"

"लोक देतात हो. वेफर्स, फरसाण, कुणी आमटीभात कालवून. एवढ्याशा जिवाला मीठ झेपत नाही. आधी नुसतं पाणी पीत सुटतं, मग पातळ शी, मग पाय लटपटतात, मान पडते. लोकांना वाटतं रोग आला. रोग कसला, मीठ असतं ते." त्यांनी कापूस डब्यात टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पुढचा माणूस मांजर घेऊन आत आला.

मी पिल्लाचं खोकं मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिले. ओवी "मम्मी, चल ना" करत बाही ओढत होती. मी चौथीत असताना आमच्या घरी एक पिल्लू मेलं होतं. ते आमच्या भाडेकरणीने, कांतामावशीने, विष पाजून मारलं असं आमच्या घरात ठरलेलं आहे. इतकं पक्कं की अजूनही लग्नाकार्यात कुणीतरी हसत हसत तो विषय काढतं. तिने विष पाजलं नव्हतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ते बोलले नाही, ही एक गोष्ट. मग ते मेलं कशाने, हे मात्र मला इतक्या वर्षांनी त्या बाकावर पक्कं कळलं. पाणी, शी, पाय, मान. सगळं त्याच क्रमाने झालं होतं.

घणसोली गावात आमचं घर म्हणजे पुढे आम्ही आणि मागे ओळीने चार खोल्या. नव्या शहरात शेती गेली, मिठागर गेलं, आणि गावातल्या सगळ्यांनी केलं तेच आम्ही केलं: खोल्या बांधल्या आणि भाडेकरू ठेवले. शेतकऱ्याचे घरमालक झालो. चारही खोल्यांना मिळून एक मोरी आणि एक नळ. सकाळी तिथे बादल्यांची रांग लागे, दुपारी भाजलेल्या बोंबलाचा वास येई, आणि संध्याकाळी वारा फिरला की कंपन्यांचा गॅस नाकात जाई. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा वास येई. तो मात्र आम्हाला वास वाटतच नसे. भाडेकरू नाकाला पदर लावत आणि आम्हाला त्यांचा राग येई.

आमच्या आजोबांच्या वाट्याला मिठाचे वाफे होते. मी ते पाहिले नाहीत. मी पाहिली ती बरणी. शेवटच्या साली जे मीठ घरात आलं, त्यातली एक चिनी मातीची बरणी भरून आईने देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली होती. वरून तपकिरी, खालून पांढरी. तोंडाला धुवट लुगड्याचा तुकडा बांधलेला. आतलं मीठ करडं, जाड, पावसाळ्यात पाझरणारं. वास चिखलाचा. ते आमटीत पडत नसे. मुलाला पहिला भात भरवायचा तर त्यात त्या बरणीतला एक खडा. घरातून लग्न निघायचं तर पहिल्या जेवणावळीत एक चिमूट. कुणी दवाखान्यातून जगून घरी आलं तर त्याच्या पेजेत एक चिमूट. मला गोवर झाला होता तेव्हा मीही ते खाल्लं होतं. ते खाल्ल्यावर माणूस आमच्यातला होतो, असं आईचं म्हणणं होतं. बाबा चेष्टेने म्हणत, "देवाला साखर, आन आपल्याला मीठ."

त्या वर्षी थंडीत सायकलवर जाळीची पाटी बांधून एक पिल्लंवाला गावात आला. पाटीत हिरवी, गुलाबी, जांभळी, नारिंगी पिल्लं. रंगात बुडवून काढलेली. तेव्हा ती रंगीतच जन्मतात असं मला वाटलं होतं. मी दारात भोकाड पसरलं. आई म्हणाली, "चार दिसांत मरल तो. मंग मना सांगू नको." बाबांनी एक हिरवं पिल्लू माझ्या ओंजळीत टाकलं. हिरवं म्हणून त्याचं नाव पोपट.

पहिल्या संध्याकाळीच त्याने मान टाकली. मी ताटलीत कच्च्या तांदळाच्या कण्या आणि फुलपात्रात पाणी ठेवलं होतं. ते पाण्यात पडलं, भिजलं आणि थरथरत कोपऱ्यात बसलं. मी रडत मागे पळाले तर मोरीवर कांतामावशी भांडी घासत होती.

ही आमची नवी भाडेकरीण, शेवटच्या खोलीतली. परभणीकडची. नवरा रबाळ्याला कंपनीत, ती स्वतः महाप्याला पॅकिंगच्या कामावर, एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची. मूलबाळ नव्हतं. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह, भिंतीवर निळ्या चौकटीतला फोटो आणि त्याच्याखाली बुद्धाची वीतभर मूर्ती. आई तिच्याकडे कधी चहा प्यायली नाही. कांतामावशी दर रविवारी बोलावायची आणि आई दर रविवारी म्हणायची, "आज माझा उपास हाय." रविवारी आमच्याकडे मटण असे. वास शेवटच्या खोलीपर्यंत जात असणारच.

कांतामावशीने हात पुसले, पोपटला पदरात गुंडाळलं आणि आमच्या ओटीवर आली. "वैनी, लेकराला ऊब पायजे. आईच्या पंखाखाली ऱ्हानारं हाय ते. बुटाचं खोकं हाय का? आन एक बलब." तिने खोक्याला उदबत्तीने भोकं पाडली, तळाला वर्तमानपत्र घातलं, वरून बल्ब सोडला. "ह्ये बग बाळा. बलबखाली जाऊन दाटी करून बसलं तर त्याला गार वाजतंय. चोच उघडी टाकून लांब गेलं तर गरम व्हतंय. ते सांगतं सगळं, आपुन बगाया पायजे." पाण्याचं फुलपात्र तिने काढून घेतलं. घरातून एक स्टीलची छोटी वाटी आणली, तिच्यात चार स्वच्छ खडे टाकले आणि खड्यांच्या वर येईल न येईल एवढंच पाणी ओतलं. आता पिल्लू बुडणार नव्हतं. वाटीवर बारीक टिंबांनी नाव कोरलेलं होतं. तिच्या लग्नात तिच्या आईने दिलेली वाटी होती ती.

मग रोजचं शिक्षण सुरू झालं. कच्च्या कण्या नाहीत, जोंधळ्याचा बारीक भरडा. आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. मी किंचाळलेच होते. "कोंबडीच्या पोराला कोंबडीचं अंडं?" "त्यात काय, तू आईचंच दूध पिऊन वाढलीस ना?" ती म्हणाली होती. कोथिंबिरीची पानं कातरून. लसणाची एक पाकळी ठेचून पाण्यात. सकाळी उठल्यावर आधी बूड बघायचं, चिकटलं असेल तर कोमट पाण्याने सोडवायचं, ओढायचं नाही. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी बोटाने हळूच दाबून बघायची, भरली असेल तर पोट भरलं. कागद रोज बदलायचा. तिच्या आईकडे गावी वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. ती हे सगळं सांगताना अंगणातल्या कोंबड्या मोजत असल्यासारखी लांब बघायची.

चार दिवसांत मरायचा होता तो पोपट महिनाभर जगला. हिरवा रंग माझ्या शाळेच्या पेटीकोटला, उशीला, आईच्या पदराला लागत लागत उतरला आणि खालून पांढरी पिसं फुटली. खोक्याचा पुठ्ठा बल्बने तापला की त्याला एक भाजका, धुळकट वास येई. त्या वासात मी अभ्यास केला. दिवेलागणीला पोपटचा आवाज बदलायचा. दिवसभर चिवचिव, आणि तेव्हा एक लांब, उतरत जाणारी किरकिर, म्हणजे झोप आली. मग तो माझ्या गळ्यापाशी येऊन बसे आणि मला हलता येत नसे. चुलीच्या राखेत तो लोळायचा तेव्हा आई ओरडायची, आणि ओरडता ओरडता हसायची. तिने एकदा स्वतःच राख चाळून त्याच्यासाठी टोपलीत भरली. त्या दिवशी मला कळलं की आईही त्याच्यात अडकली. "माझा पोपट गो बाय तो," ती शेजारणींना सांगू लागली. तिने त्याला काळा दोराही बांधला पायात.

आणि मग एक दिवस, संक्रांतीच्या नंतर कधीतरी, तिने बरणी खाली काढली.

मला तो क्षण अजून दिसतो. आईने फडकं सोडलं, आत बोटं घातली आणि एक चिमूट मीठ पोपटच्या शिजवलेल्या कण्यांत टाकलं. जोंधळ्याचा भरडा तोवर बंद झाला होता. आईच्या मते आमच्या घरचं लेकरू भातावरच वाढायला हवं. मी विचारलं, "त्याला पण?" ती म्हणाली, "जगला ना तो. आता आपला झाला." आईने आयुष्यात दाखवलेल्या मायेतली ही सर्वांत मोठी माया होती. हे मी उपरोधाने लिहीत नाही. उपरोध करण्यासारखं पुढे पुष्कळ आहे.

कांतामावशी दुपारपाळीला निघाली होती. ओटीवर थबकली. "वैनी, मीठ नका घालू त्येला. खारं चालत न्हाई पिलाला. तहान तहान करून मरतंय."

आईचे हात थांबले. "कांता, तू आमाला मीठ शिकवतेस?"

"तसं न्हाई वैनी, माझी आई म्हनायची..."

"तुझे आयसनं मीठ कुठून आनला? दुकानातून ना? आमच्या बापजाद्यांनी पिकवलाय तो. या मिठानं हा सगळा गाव उभा ऱ्हायला." आई हसत होती, पण तिचे कान लाल झाले होते. "जा, गाडी चुकल तुझी."

कांतामावशी गेली. जाताना तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. मी आईकडे बघितलं. आईने दुसरी चिमूट टाकली.

त्यानंतर आई रोज एक चिमूट टाकायची. आणि मी, चौथीतली हुशार मुलगी, आई मोरीवर गेली की स्टुलावर चढून आणखी दोन टाकायचे. एका चिमटीने तो आमचा होत असेल तर तीन चिमटींनी तो कायमचा आमचा होईल, असा माझा हिशेब. मीठ कण्यांत विरघळायचं आणि पोपट भुकेने ते सगळं संपवायचा.

पाच-सहा दिवसांत तो वाटीपाशी उभा राहू लागला. खडे उघडे पडेपर्यंत प्यायचा, मी भरायचे, पुन्हा प्यायचा. कागद दिवसातून चारदा बदलावा लागे, सगळा पाण्याने चिंब. मग त्याचे पाय घसरू लागले. गुळगुळीत फरशीवर घसरतो म्हणून आम्ही गोणपाट अंथरलं, तो गोणपाटावरही घसरला. समोरच्या काकी म्हणाल्या, "मानमोडी आली. त्याला दूर ठेवा, सगळ्या कोंबड्या जातील गावाच्या." आईने तेच केलं जे ती आम्हाला जुलाब झाले की करायची. पाण्यात मीठ-साखर. मीठ अर्थात बरणीतलं.

त्या दुपारी आई बाजारात गेली होती. कांतामावशीची सकाळची पाळी सुटली होती. मोरीपाशी तिने पोपटला बघितलं. तो एका कुशीवर पडला होता आणि मान मागे जात होती. तिने त्याला उचललं, बोट ओलं करून कण्यांना लावलं, चाखलं आणि ताटली गटारात उपडी केली.

"तू मीठ घालतीस का अजून?"

"नाही."

"खरं सांग बाळा. मी रागवनार न्हाई."

"नाही. शप्पथ."

ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जा, ह्या वाटीत नळाचं पानी आन. निसतं पानी." मी वाटी विसळली, खडे काढले, नळाखाली धरली. पाण्याचा तो आवाज, वाटी भरत येताना बारीक होत जाणारा, मला ओळखता येईल आजही. तिने पदराचं टोक पिळून त्याची वात केली, पाण्यात बुडवली आणि पोपटच्या चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडू लागली. ती कसलंतरी गाणं म्हणत होती, शब्द नसलेलं.

आई पिशव्या घेऊन आली तेव्हा पोपट कांतामावशीच्या हातात शेवटचा ताठ झाला आणि सैल पडला.

"काय पाजलास त्याला?" आईने पिशव्या खाली टाकल्या. कांदे मोरीत गडगडले. "कांता, काय पाजलास तू?"

"पानी पाजलं वैनी. निसतं पानी."

"मंग मेला कसा? सकाली चालत व्हता तो! तुझे हातात मेला. खाना कुठं गेला त्याचा? फेकलास? का फेकलास?" समोरच्या काकी आल्या, मधल्या खोलीतली बाई आली, दोन पोरं आली. "पोर नाय तुला म्हनून माझे पोरीचा पिल्लू बघवत नव्हता? खाल्ल्या मिठाला तरी जाग गो!"

कांतामावशी रडली नाही. तिने पोपटला हळूच ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि माझ्याकडे हात केला. "पोरीला इचारा. तिनंच आनलं पानी नळाचं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मोरीचा नळ थेंब थेंब गळत होता. माझे हात अजून ओले होते.

"काय गो?" आई म्हणाली. "तू आनलास पानी?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

बस. चार शब्दसुद्धा नाहीत. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते निदान खोटं तरी ठरलं असतं, कुणी पकडलं असतं. कांतामावशी माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर मी कधीच विसरले असते. ती समजून घेतल्यासारखी बघत होती. नऊ वर्षांच्या मुलीला समजून घेणारं माणूस त्या अंगणात एकच होतं आणि आम्ही त्यालाच हाकलत होतो.

होळीच्या आधी खोली रिकामी कर, असं आईने तिला सांगितलं. बाबांनी मध्ये तोंड घालून बघितलं, पण आईपुढे बाबांचं काय चालणार. पोपटला आम्ही परसात शेवग्याखाली पुरलं. आईने त्याच्या खड्ड्यातही एक चिमूट मीठ टाकलं. वाटी मोरीवर राहिली होती. आईने ती चिमट्यात धरून उचलली आणि माळ्यावर भिरकावली. "ऱ्हाव दे. उद्या कोनी काय बोलला तर दाखवायला व्हईल." कुणी काही बोललं नाही. एका भाडेकरणीसाठी गावात कोण बोलणार होतं?

कांतामावशी फार लांब गेली नाही. आमच्या मागच्या दुसऱ्या गल्लीत तिला खोली मिळाली. माझी शाळेची वाट तिथूनच होती. पहिल्या दिवशी ती दारात केस विंचरत उभी होती. मला बघून तिने कंगवा थांबवला. "दुसरं आनलं का गं पिल्लू?" मी दप्तर सावरलं आणि पलीकडच्या कडेने पळत गेले. दुसऱ्या दिवशी तिने हात केला. नंतर नंतर ती फक्त बघायची. दीड वर्ष मी त्या वाटेने गेले आणि आले, दिवसातून दोनदा. मग एक दिवस त्या दाराला दुसऱ्याच रंगाचा पडदा दिसला. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं.

डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी मी घणसोलीला गेले. तसंही जायचं होतंच. घर बिल्डरला दिलंय, चारही खोल्या रिकाम्या झाल्यात, आणि आई बिल्डिंग होईपर्यंत माझ्याकडे उलव्याला राहणार आहे. बाबा गेल्यापासून ती एकटीच होती. गल्लीत आता दोन्ही बाजूंनी इतकी घरं चढलीत की दुपारीही दिवे लावावे लागतात. परसातला शेवगा केव्हाच तोडला गेला, तिथे पाण्याच्या टाक्या आहेत. मोरीची फरशी मात्र तीच.

आई बरणीला साडीत गुंडाळत होती. मी माळ्यावर चढले. फुटके माठ, पाटा, माझं मोडकं स्टूल, आणि पाट्याच्या मागे, धुळीने काळी झालेली ती वाटी. मी बोटाने घासली तर टिंबं उमटली. 'कांता, आईकडून.' मी माळ्यावरच बसून रडले. मग ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. ठरवलं की आज आईला सांगायचं. पाणी मी आणलं होतं, मीठ तू घातलंस आणि मीही घातलं, डॉक्टर असं असं म्हणाल्या. आपण एका बाईला उगाच उठवलं. एवढं तरी दोघींनी मिळून मान्य करू. तिचा पत्ता शोधता येईल की नाही ते पुढचं पुढे.

गाडीत आई बरणी मांडीवर घेऊन बसली होती. घणसोली ते उलवे, मी तोंड उघडायचे आणि ती म्हणायची, "हळू चालव, बरनी हाय."

घरी पोचलो तर ओवी बाल्कनीत पिल्लू सोडून बसली होती. त्याचं नाव तिने चिकू ठेवलंय. सोसायटीचे सेक्रेटरी दोनदा येऊन गेलेत, "कोंबडी अलाउड नाही मॅडम" म्हणून, त्यांच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. आईने बरणी टीपॉयवर ठेवली, नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि सोफ्यावर बसली. मी पर्समधून वाटी काढून धुतली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने वाटीकडे बघितलं. ओळखली. मी म्हणाले, "आई, मला तुझ्याशी बोलायचंय."

तेवढ्यात ओवीने वेफर्सची पिशवी फोडली आणि एक वेफर चुरून पिल्लापुढे तळहात धरला.

"खारं नको देव गो त्याला!" आई अशी ओरडली की पिल्लूच दचकून मागे पळालं. ती गुडघे धरत उठली, ओवीच्या हातावरचा चुरा तिने झटकून टाकला. "मरल तो! आधी पानी पीत ऱ्हाईल, मंग पाय जातील त्याचे. कवाच नाय द्यायचा खारं, समजलीस?"

मी उभी होते तशीच राहिले. वरून एक विमान गेलं, काचा हलल्या.

"आई, तुला कुणी सांगितलं हे?"

ती बरणीचं फडकं नीट करू लागली. नीटच होतं ते. "कोन सांगनार. ती कांता नव्हती सांगत तवा."

"तुला तेव्हा पटलं होतं?"

"तवा नाय. पुढच्या साली. काकीनं तीन पिल्लां आनलेली. मीच गेलती बरनीतला मीठ घेवन, हौसेनं. आठवड्यात तिन्ही गेली." तिने फडक्याची गाठ आवळली. "तशीच."

"पुढच्या साली?" मी म्हणाले. "आई, पुढच्या साली कांतामावशी मागच्या गल्लीतच होती."

"मंग काय करू? भाडेकरनीच्या दारात जावन हात जोडू? घरमालकीन मी." आवाज चढवून सुरू केलेलं वाक्य तिने हळू आवाजात संपवलं. मला तिची भयंकर चीड आली. मग माझ्या लक्षात आलं की ती माझी आईच आहे, मी तिच्यासारखीच निघाले. तिला निदान काकीची तीन पिल्लं मरावी लागली. कांतामावशीने नुसतं पाणीच पाजलं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ओवीने टीपॉयवरची वाटी उचलली होती. ती आता मराठी वाचायला शिकते आहे, दिसेल ते वाचते. "कां-ता. आई-क-डून. कांता कोण, आजी?"

"भाडेकरीन व्हती एक."

"मग तिची वाटी आपल्याकडे का? परत का नाही दिली?"

"कुठं गेली काय ठावं," आई म्हणाली. "पत्ता नव्हता तिचा."

ओवीने माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. मोरीपाशी सगळ्यांनी बघितलं होतं तसंच, थांबून. पिल्लू माझ्या पायाशी येऊन बोटाला चोच मारत होतं, आणि मागची दुसरी गल्ली, विंचरता विंचरता थांबलेला कंगवा, दारातला तो उंचावलेला हात, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"खरंच, मम्मी?" ओवीने विचारलं. "पत्ता नव्हता?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले.